काका, इन्व्हर्टरच्या बॅटरीत मीठपाणी ओतू नका

"वीज कंपन्या तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत" अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय, खाली व्हिडिओ, त्यात मिठाच्या पाण्याचा ग्लास, दोन पट्ट्या आणि लख्ख पेटलेला बल्ब. एरवी असलं काही मी न वाचताच उडवतो. पण या वेळी तो आमच्या काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "जुन्या इन्व्हर्टरवर करून बघणार आहे, रविवारी." त्यावर चार जणांनी अंगठे पण दिले. म्हणून लिहायला बसलोय, आणि चिडूनच लिहितोय.

मेसेज काय म्हणतो ते थोडक्यात: मिठाच्या पाण्यात आणि लिंबात वीज मुळातच असते, तांब्याची आणि जस्ताची पट्टी ती फक्त बाहेर ओढते. पाणी बदलत राहा, सेल आयुष्यभर चालेल. चार लिंबांवर मोबाइल चार्ज होतो. त्याच विजेवर पाण्याचा हायड्रोजन करा, तो जाळून पुन्हा वीज करा. संपलेले सेल फ्रीजमध्ये ठेवले की भरतात. इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी ॲसिड ओतून देऊन मीठपाणी भरलं की नव्यासारखी होते. आणि हे सगळं बगदादमध्ये 2000 वर्षांपूर्वीच माहीत होतं, पण दाबून ठेवलंय.

आधी बॅटरीचंच घेतो, कारण बाकीच्या थापांनी फार तर वेळ वाया जाईल, हिच्यापायी माणूस दवाखान्यात जाईल.

इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीत एका प्लेटवर स्पंजासारखं सच्छिद्र शिसं असतं, दुसरीवर लेड डायऑक्साइड, आणि मध्ये पातळ सल्फ्युरिक ॲसिड. हे ॲसिड नुसतं करंट वाहून न्यायला नसतं, ते स्वतः रिॲक्शनमध्ये खर्च होतं. बॅटरी वापरली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट चढतं आणि ॲसिड पातळ होत जातं, म्हणून तर बॅटरीवाला हायड्रोमीटर (ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवणारी नळी) घालून बघतो, फुल चार्ज असेल तर आकडा 1.28 च्या आसपास, उतरलेली असेल तर 1.12 वगैरे. आता ते ॲसिडच मोरीत ओतून दिलंत तर सल्फेट आणणार कुठून? (आणि मोरीत ॲसिड ओतणं हा वेगळाच प्रताप, त्यावर नंतर कधीतरी.)

मग मीठपाणी भरल्यावर मीटर 12 व्होल्ट कसे दाखवतो, असं काकांनी लगेच विचारलं. दाखवणारच! प्लेटांच्या बारीक छिद्रांमध्ये थोडं ॲसिड उरलेलं असतं, शिसं आणि लेड डायऑक्साइड जागच्या जागी असतात, मिठाचं पाणी करंट जाऊ देतं, आणि मल्टिमीटर बॅटरीकडून जवळजवळ काहीच करंट मागत नाही. एक पंखा लावून बघा, व्होल्टेज धाडकन खाली येईल. पण व्हिडिओत पंखा कुणी लावत नाही, मीटरवरचा आकडा दाखवायचा आणि व्हिडिओ कट.

खरा धोका चार्जिंगला आहे. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. चार्जर लावला की पॉझिटिव्ह प्लेट क्लोराइड आयनांचे (मिठातून पाण्यात सुटलेल्या, विजेचा भार असलेल्या क्लोरीनच्या कणांचे) इलेक्ट्रॉन काढून घेते आणि क्लोरीन वायू सुटायला लागतो. त्यासाठी साधारण 1.36 व्होल्टचं पोटेन्शियल पुरतं आणि चार्जिंगच्या वेळी ती प्लेट त्याच्या बरीच वर असते. दुसऱ्या प्लेटवर हायड्रोजन सुटतो, जो हवेत 4 टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड, तो जमिनीलगत बसून राहतो, आणि इन्व्हर्टर कुठे असतो तर जिन्याखाली किंवा बंद कोपऱ्यात. ही काही माझी कल्पना नाही. महायुद्धांच्या काळातल्या पाणबुड्यांमध्ये अशाच लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या रांगा असायच्या, आणि समुद्राचं पाणी बॅटरीत शिरणं ही खलाशांची मोठी धास्ती होती, कारण त्यातून क्लोरीन तयार व्हायचा आणि पाण्याखाली खिडकी उघडायची सोय नसते. ते अपघाताने व्हायचं, आपण हौसेने करायला निघालोय.

कुणीतरी म्हणेलच की "पण बॅटरीत एप्सम सॉल्ट टाकतात ना". हो, ते मॅग्नेशियम सल्फेट असतं, त्यात क्लोराइड नाही, त्यामुळे क्लोरीनची भानगड नाही. पण प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरलेत, प्लेटांचा माल झडून तळाशी बसलाय, अशी बॅटरी त्यानेही उठत नाही.

आता मूळ थापेकडे येतो, "मिठाच्या पाण्यात वीज असते". नसते. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि स्वतः आयन होऊन पाण्यात उतरतो, ते इलेक्ट्रॉन बाहेरच्या वायरमधून दुसऱ्या पट्टीकडे जातात आणि तिथे कुणीतरी ते घेतं. लिंबात बहुतेक वेळा ते घेतो हायड्रोजन आयन, म्हणून तांब्याच्या पट्टीवर बारीक बुडबुडे दिसतात. पाण्यातलं मीठ किंवा लिंबाचं ॲसिड आतून आयन इकडून तिकडे जाऊ देतं, म्हणजे सर्किट पूर्ण होतं. चुलीत लाकूड जळतं तसं इथे जस्त जळतंय म्हणा, फक्त धूर न करता. तांबं तर जवळपास नुसतं बघत उभं असतं, त्याच्या जागी पेन्सिलचं शिसं, म्हणजे ग्राफाइट, लावा, सेल तरीही चालेल. उलट त्याच लिंबात दोन्ही पट्ट्या जस्ताच्या लावा, मीटर शून्याजवळ बसून राहील. लिंबात वीज असती तर ती या दोन पट्ट्यांनीही ओढून काढली असती ना?

किती जस्त जळतं याचाही पक्का हिशोब आहे आणि तो मायकेल फॅराडेने 1834 मध्येच छापला. जेवढा चार्ज वाहिला त्याच प्रमाणात धातू खर्च होणार, यात सूट नाही, सवलत नाही. आजच्या आकड्यांत सांगायचं तर जस्ताचा एक मोल (अणू मोजायचं ठरलेलं माप), म्हणजे 65.4 ग्रॅम, विरघळला की दोन मोल इलेक्ट्रॉन मिळतात, आणि एक मोल इलेक्ट्रॉनचा चार्ज 96,485 कूलंब (कूलंब हे चार्जचं एकक). भागाकार केलात तर एक ॲम्पिअर-अवरला (एक ॲम्पिअर करंट तासभर) किमान 1.22 ग्रॅम जस्त गेलंच पाहिजे. "आयुष्यभर चालतो" म्हणणाऱ्याने पट्टी एकदा आधी आणि एकदा नंतर काट्यावर ठेवावी, एवढंच माझं म्हणणं. काही दिवस चालवलेली पट्टी हातात घेऊन बघा, चकाकी गेलेली, पाण्याच्या रेषेपाशी कुरतडल्यासारखी, आणि वर पांढुरका थर. पाणी बदलून तो थर धुतला जातो म्हणून सेलला परत जरा जोर येतो, पण गेलेलं जस्त परत येत नाही.

मिठाच्या पाण्यावरचे दिवे असतात हे मात्र मला मान्य करावं लागतंय, खरोखर मिळतात, लाइफ जॅकेटवरचे काही दिवे समुद्राचं पाणी लागलं की पेटतात. पण त्यांच्या आत मॅग्नेशियम असतं, जे इलेक्ट्रॉन सोडायला जस्तापेक्षा कितीतरी उतावीळ (स्टँडर्ड पोटेन्शियल, म्हणजे या उतावीळपणाचं माप, जितकं उणे तितका जास्त: जस्ताचं उणे 0.76 व्होल्ट, मॅग्नेशियमचं उणे 2.37), आणि ते मॅग्नेशियम संपलं की दिवा संपला. ते वितळवून, शुद्ध करून बनवताना कारखान्यात भरपूर वीज आधीच खर्च झालेली असते, ती कुणी मोजत नाही.

चार लिंबांवर मोबाइल! एका लिंबाच्या सेलला मोकळं असताना साधारण 0.9 व्होल्ट मिळतात, पण आतला रेझिस्टन्स हजार ओहमच्या घरात असतो, त्यामुळे जास्तीत जास्त पॉवर निघते 0.2 मिलिवॉट. चारांची मिळून 0.8. मोबाइलची बॅटरी साधारण 15 वॉट-अवरची धरा, एक थेंबही वाया गेला नाही असं धरा, तरी दोन वर्षांहून जास्त लागतील, लिंबं तोवर टिकली तर. आणि साध्या 5 वॉटच्या चार्जरची बरोबरी करायला पंचवीस हजार लिंबं. विज्ञान प्रदर्शनात लिंबावर चालणारं घड्याळ असतं ते खरं आहे, कारण एलसीडी घड्याळाला मायक्रोॲम्पिअरमध्ये करंट लागतो. लिंबाची झेप तेवढीच.

मग व्हिडिओतला बल्ब? तो बहुतेक लाइट गेल्यावर चालणारा इमर्जन्सी बल्ब आहे, ज्याच्या आतच छोटी लिथियम बॅटरी असते. त्याच्या टोपीच्या दोन टोकांना ओलं बोट लावलं तरी तो पेटतो. मिठाच्या पाण्यानेही पेटेल. पाणी तिथे फक्त स्विचचं काम करतंय.

हायड्रोजनचं चक्र दोन ओळींत संपतं. पाणी फोडायला जेवढी ऊर्जा लागते, हायड्रोजन जाळून फार तर तेवढीच परत मिळते, मोलमागे 286 किलोजूल, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी उष्णतेत जातं. चक्र म्हणून फिरवलंत तर दर फेरीला कमी होत होत थांबणार.

फ्रीजबद्दल अर्धं खरं आहे आणि ते अर्धं सांगतो. थंडीत सगळ्याच रिॲक्शन मंदावतात, म्हणून न वापरलेला सेल गार जागी ठेवला तर आपोआप उतरण्याचा वेग कमी होतो. पण अल्कलाइन सेल साध्या खोलीतही वर्षाला जेमतेम दोन-तीन टक्के उतरतो, त्यासाठी फ्रीज कशाला अडवायचा, वर बाहेर काढल्यावर दव धरतं ते वेगळंच. आणि संपलेला सेल काही वेळ काढून ठेवला की रिमोट परत थोडा चालतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. तो भरलेला नसतो. वापरताना इलेक्ट्रोडजवळ साचलेला माल विश्रांती मिळाल्यावर पसरतो, म्हणून शेवटचा थोडासा करंट निघतो. तेवढ्यात चॅनेल बदलून घ्या.

बगदादचं काय, तर 1936 मध्ये तिथे एक मातीचं भांडं सापडलं, आत तांब्याची नळी आणि लोखंडी कांडी. सोबत ना वायर, ना त्यावर चालणारं काही. आणि दाबून ठेवलंय म्हणता तर इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने 20 मार्च 1800 ला लंडनच्या रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्सना आपल्या सेलचं वर्णन पत्राने कळवलं आणि ते छापून यायच्या आतच इंग्लंडमधल्या निकोल्सन आणि कार्लाइल यांनी तसाच सेल बनवून पाणी फोडून दाखवलं होतं. इतकं उघड गुपित मी तरी दुसरं बघितलं नाही.

ज्यांनी ऑलरेडी मीठ टाकलंय त्यांच्यासाठी: चार्जर लावू नका, लावला असेल तर मेनचा स्विच बंद करा, बॅटरीजवळ जाऊन वायर ओढत बसू नका. ब्लीचसारखा उग्र वास येत असेल तर दारं-खिडक्या उघडून बाहेर पडा, घसा किंवा छाती जळजळत असेल तर डॉक्टरकडे जा. बॅटरी परत धुऊन ॲसिड भरायचा खटाटोप करू नका, क्लोराइड प्लेटांच्या छिद्रांतून सहज निघत नाही. ती भंगारात जाणार, पण बॅटरीवाल्याच्याच हातात द्या आणि आत काय ओतलंय ते त्याला सांगा. काका, तुमची बॅटरी तशीही सात वर्षं जुनी आहे, बदला ती.