एकट्याने मुंबईत उतरताय? कोणालाही काही विचारू नका

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मुंबईत विमानातून उतरलात, एकटेच आहात, हॉटेल तिकडे दक्षिण मुंबईत, फोर्टात आहे, तर कोणालाही काहीही विचारायचं नाही. विचारलं की कळतं तुम्ही नवखे आहात. आणि आपण नवखे थोडीच आहोत, २०११ मध्ये मावसबहिणीच्या लग्नाला आलो होतो की मुंबईत. चांगले चार दिवस राहिलो होतो. कल्याणला.

सुरुवात तिकिटापासून करा. सगळ्यात स्वस्त दिसेल ते घ्यायचं आणि खाली बारीक अक्षरात विमानतळाचं नाव असतं ते वाचायचं नाही, कारण मुंबई म्हणजे मुंबई. आता डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळपण सुरू झालाय, तो तिकडे उलव्याला, खाडीच्या पलीकडे. तर तुम्ही चारशे रुपये वाचवले म्हणून खूश होऊन तिथे उतरणार, मग अटल सेतूवरून शहरात येणार, सेतू भारीच आहे, जवळपास २२ किलोमीटर, दोन्ही बाजूला पाणी बघत बसा, आणि एका खेपेचा कारचा टोल २५० रुपये. वाचलेल्या चारशेतले अडीचशे समुद्रात गेले. उरलेल्या दीडशेचा वडापाव खा.

जुन्या विमानतळावर उतरलात तरी घाबरू नका, गोंधळाची सोय तिथेही आहे. टर्मिनल १ म्हणजे टी-१ वेगळं, टी-२ वेगळं, मधे काही किलोमीटरचा रस्ता, आणि जुने मुंबईकर अजून एकाला सांताक्रूझ आणि दुसऱ्याला सहार म्हणतात. शिवाय विमानतळ छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचा, फोर्टातलं रेल्वे स्टेशन महाराजांच्या नावाचं आणि तिथलं म्युझियमही महाराजांच्याच नावाचं. तेव्हा मॅपमध्ये नुसतं 'छत्रपती शिवाजी' एवढंच टाइप करायचं आणि जे पहिलं येईल त्यावर बोट ठेवायचं. माझ्या एका मित्राने असं करून विमानतळावर उभं राहून विमानतळाचाच रस्ता काढला होता, शून्य मिनिटं दाखवत होतं, तो म्हणे वा, ट्रॅफिकच नाहीये आज.

मग बेल्ट. बॅग आली. आता एकट्या माणसाची खरी परीक्षा इथे असते, जी चार जणांच्या फॅमिलीला कधीच कळणार नाही, ती म्हणजे बाथरूमला जायचंय आणि सामानाकडे बघायला कोणी नाही. दोन बॅगा, एक पाठीवरची सॅक, एक हातात पिशवी (पिशवीत आईने दिलेली संत्र्याची बर्फी, ती सोडून कुठे जाता येत नाही). ट्रॉली आत नेली की दारात अडकते, मागे एक काका 'जरा साइड' म्हणत उभे, आणि तुम्ही एका पायाने ट्रॉली धरून दुसऱ्या पायावर हात धुताय. यावर उपाय सोपा आहे, हॉटेलपर्यंत कळ काढायची. किती लांब असणार हॉटेल, २५ किलोमीटर तर आहे.

आता बाहेर या. इथे प्रीपेड टॅक्सीचं काउंटर दिसेल. तिकडे बघायचंच नाही. तिथे काय होतं की तुम्ही कुठे जायचं सांगता, आधीच पैसे भरता, पावती मिळते, ती पावती उतरल्यावर ड्रायव्हरला द्यायची, झालं, संपलं. म्हणजे घासाघीस नाही, भांडण नाही, घरी सांगायला काही किस्सा नाही. आणि मुख्य म्हणजे त्या लायनीत उभं राहिलं की लोक बघतात, की याला मुंबईतलं काही माहीत नाही वाटतं.

मीटरचा हिशोबही करू नका. काळी-पिवळी टॅक्सीचं फेब्रुवारी २०२५ पासूनचं भाडं म्हणजे पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला साधारण २१, रात्री बारा ते पाच पाव पट जास्त. २५ किलोमीटरचे सव्वापाचशेच्या आसपास होतात, वर ट्रॅफिकमध्ये थांबण्याचे थोडे. हे गणित पाचवीतला मुलगा करेल, पण तुम्ही केलंत तर पुढची सगळी मजा जाईल.

पुढची मजा म्हणजे चावीवाला. बोटात चावी फिरवत एक माणूस तुमच्याच दिशेने येतो, एवढ्या हजार लोकांत त्याला तुम्हीच कसे दिसता हे विचारू नका. माझ्या वेळी त्याने आधी माझ्या बॅगेवरचा टॅग वाचला, मग माझ्या बुटांकडे बघितलं, मग एकदम आपुलकीने म्हणाला, 'सर, नागपूर से?' मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. मी म्हटलं, ऑटो मिलेगा क्या फोर्ट के लिए? आणि इथेच मी मेलो. कारण नागपुरात आपण ऑटो म्हणतो, मुंबईत त्याला रिक्षा म्हणतात, आणि रिक्षा बांद्र्याच्या पुढे शहरात जातच नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एका वाक्यात दोन पुरावे दिले मी. त्याने चावी फिरवायची थांबवली, खिशातून प्लास्टिक मारलेलं एक कार्ड काढलं, त्यावर फोर्ट, कुलाबा, दादर असं छापलेलं आणि समोर रेट. फोर्ट, १८०० रुपये. 'फिक्स रेट है सर.' आता कार्ड लॅमिनेट केलेलं असलं की ते सरकारीच वाटतं, त्याला कोण काय करणार. मी 'नहीं नहीं' म्हणेपर्यंत मोठी बॅग त्याच्या हातात होती, आणि बॅग ज्याच्या हातात निर्णय त्याचा. मी आपला बर्फीची पिशवी धरून मागे मागे.

तुम्ही म्हणाल ॲप आहे की. आहे ना. फक्त अनुभव पूर्ण घ्या. गाडी चार मिनिटांवर दाखवते, मग ड्रायव्हरचा फोन येतो, 'ड्रॉप कहाँ है?' तुम्ही सांगता. 'कॅश या ऑनलाइन?' तुम्ही ऑनलाइन म्हणता. मग गाडी सात मिनिटांवर जाते, मग अकरा, मग मॅपवर ती उलट्या दिशेला चाललेली दिसते, तुम्ही पार्किंगच्या कुठल्याशा मजल्यावर कुठल्याशा खांबाखाली ट्रॉली घेऊन उभे, फोन १२ टक्के, आणि एकटे असल्यामुळे 'तू इथे थांब, मी बघून येतो' असं म्हणायलाही कोणी नाही. स्वतःलाच सांगायचं आणि स्वतःच थांबायचं.

मेट्रो? छे. मेट्रोचं तर नावच काढू नका. थेट टी-२ ला स्टेशन आहे, जमिनीखालून जाते म्हणून वर ट्रॅफिक असो नाहीतर पाऊस, तिला फरक पडत नाही, ऑक्टोबर २०२५ पासून पार कफ परेडपर्यंत जाते, फोर्टात उतरायला हुतात्मा चौक स्टेशन आहे, पाऊण तासात पोचवते, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलात तरी तिकीट ७० रुपये. यात फसायला जागाच कुठे आहे? फार तर रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची गाडी सुटते, तेवढी चुकवू शकता. फारच हौस असेल तर दुसऱ्या मेट्रोचं, म्हणजे वर्सोवा-घाटकोपर लाइनचं 'एअरपोर्ट रोड' नावाचं स्टेशन आहे, ते शोधत निघा. नावात एअरपोर्ट आहे, रोडही आहे, फक्त टी-२ तिथून चांगलंच लांब आहे. बॅगेची चाकं टेस्ट होतात.

असो, आपण गाडीत बसलोय. चावीवाल्याने मला दहा मिनिटं चालवून दुसऱ्याच एका माणसाच्या गाडीत बसवलं, पैसे आधीच स्वतः घेतले आणि गायब. आता एकट्याने गाडीत बसलं की एक फोन करायचा असतो, मोठ्याने. तो मी केला. 'हां काका, बस पहुंचही रहा हूं, आप लोग नीचे ही रुको, हां हां, इन्स्पेक्टर साहब को भी बोल दो.' पलीकडे कोणी नव्हतं. काका नाहीत, इन्स्पेक्टर तर खानदानात कोणी नाही. आणि नेमका त्याच वेळी कानाला लावलेला फोन वाजला, आईचा.

ड्रायव्हर काही बोलला नाही. सभ्य माणूस.

मग मी मॅप उघडला आणि त्याला रस्ता सांगायला लागलो. हेही जरूर करा, वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला नागपूरच्या माणसाने मुंबईतले रस्ते दाखवलेले फार आवडतात. 'भैया, सी-लिंक से लो ना.' तो म्हणाला, टोल अलग लगेगा. मी गप्प. माहीमपर्यंत आमचं सगळं असं हिंदीत चाललं होतं, म्हणजे माझं नागपुरी हिंदी आणि त्याचं मुंबईचं, दोघंही लिंगवचनाचं पार वाटोळं करत. आणि मग त्याचा फोन वाजला.

'हां गं. नाही, भाडं घेऊन चाललोय. तू जेवलीस का? पोरीला म्हणावं क्लासला जाताना छत्री ने.'

फोन ठेवला. मी खिडकीबाहेर बघतोय. सिग्नल लागला. अर्धा मिनिट कोणीच काही बोललं नाही.

'तुम्ही मराठी का?' शेवटी मीच.

'जुन्नरचा. तुम्ही?'

'नागपूर.'

'मग मघापासून काय आपण...' असं म्हणून तो हसला आणि पुढे दादरपर्यंत हसतच राहिला, मधेच 'इन्स्पेक्टर साहेब' असं म्हणायचा आणि परत हसायचा. मग म्हणाला, साहेब, माझ्या हातात यातले आठशे येतात. तिथे काउंटर होतं की प्रीपेडचं, विचारायचं ना कोणाला.

विचारायचं ना कोणाला! ऐकलंत? सगळा सल्ला वाया.

फोर्टातलं हॉटेल फोटोत दिसतं त्यापेक्षा अरुंद असतं हे सांगायला नको. लाकडी जिना, जाळीच्या दाराची लिफ्ट, त्यात एक तर तुम्ही मावता नाहीतर तुमची बॅग. म्हणून बॅगेला वर पाठवलं आणि मी जिन्याने गेलो, तर बॅग तिसऱ्या मजल्यावर एकटीच उभी, माझ्यापेक्षा जास्त कॉन्फिडन्ट. काउंटरवरच्या पोराने घड्याळाकडे बघितलं, सकाळचे साडेनऊ, चेक-इन दोनला. बाथरूम मात्र लगेच दाखवलं, देव त्याचं भलं करो. मग रजिस्टरमध्ये नाव लिहिता लिहिता त्याने सहज विचारलं, 'सर, आम्ही मेल केला होता ना पिकअप पाहिजे का म्हणून, तुम्ही रिप्लायच नाही दिला.'

मी म्हटलं, नको हो, मला माहितीये मुंबई.

तेवढ्यात आईचा परत फोन. पोचलास का, बर्फी फुटली तर नाही ना, आणि टॅक्सीवाल्याने किती घेतले. आता इथे शेवटचं महत्त्वाचं, खरा आकडा कोणालाही सांगायचा नाही, मेलं तरी नाही. मी मनातल्या मनात अठराशेला जमेल तेवढं खाली आणलं.

'पाचशे.'

'पाचशे?' आई एवढ्या जोरात ओरडली की काउंटरवरच्या पोरानेही ऐकलं. 'लुटलं नं तुला! अरे आपल्या सोनेगाव विमानतळावरून घरी यायला दोनशे लागतात. कोणाला विचारलं नाहीस का रे?'