ड्रायव्हरला फुकटात खूश ठेवण्याचे मार्ग

टीप किती द्यावी, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. आपण द्यायला निघालो होतो हे चार लोकांना दिसलं पाहिजे आणि पैसेही खिशातच राहिले पाहिजेत. हे एका दमात कसं साधावं, एवढंच विचारा. देशात इतरत्र हे कठीण आहे. कोकणात मात्र इथली माणसंच तुम्हाला सामील आहेत.

कुडाळ स्टेशनवर उतरलात. तीन बॅगा, दादरहून आणलेलं मखर आणि दोन मुलं एका रिक्षात कोंबून रिक्षावाल्यानं तुम्हाला वाडीपर्यंत आणलं. चिखलात चाक रुतलं तेव्हा उतरून ढकललंही, आणि बॅगा स्वतः बेड्याच्या, म्हणजे अंगणाच्या फाटकाच्या, आत नेऊन ठेवल्या. आता ठरलेल्या भाड्यावर वीसची नोट पुढे करा. तो मान हलवून म्हणेल, “ऱ्हवांदे ओ, कित्याक उगीच!” याच क्षणी नोट पाकिटात परत गेली पाहिजे. इथे चपळाई हवी. दुसऱ्यांदा आग्रह केलात तर तो नुसता हसेल, आणि तिसऱ्यांदा केलात तर घेईल. गावातले लोक तिसऱ्यांदा आग्रह करतात, नोट शर्टाच्या खिशात कोंबतात आणि वर “पोरांका खाऊ घे” असंही म्हणतात. त्यांचं अनुकरण करू नका. त्यांना बारा महिने इथेच राहायचं असतं.

एखादा पहिल्याच वेळी हात पुढे करेल अशी शंका असेल तर पाचशेची नोट काढा आणि “सुट्टे आहेत का, दादा?” असं विचारा. फोनवरून पैसे देण्याची सोय आल्यापासून ही युक्ती जरा लंगडी पडली आहे, पण घाबरू नका. दोन डोंगरांच्या मधल्या वाडीत रेंज नसते, आणि हे कारण खरंही असतं. खऱ्या कारणाचा लाभ सहसा मिळत नाही. मिळाला की सोडू नये. ‘दादा’ मात्र सढळ हातानं वापरा.

भाड्यावरून वाद झाला तर मुंबईचा दाखला द्या. तिथे फेब्रुवारी २०२५मध्ये रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं, पहिल्या दीड किलोमीटरला. हा आकडा राजापूर रोड स्टेशनच्या आवारात उभं राहून मोठ्यानं सांगावा. स्टेशनच्या नावात राजापूर असलं तरी नजरेच्या टप्प्यात राजापूर नसतं, आणि तुम्हाला सोडून रिक्षा रिकामीच परत येते, कारण त्या वाडीतून पुढची गाडी पकडायला दुसरं कुणी निघालेलं नसतं. हे रिकामं परतणं भाड्यात धरलेलं असतं. तुम्ही ते धरू नका. मुंबईच्या हिशोबापेक्षा जास्त जे काही दिलंत, ती टीपच आहे असं मनाशी पक्कं करा. म्हणजे टीप दिल्याचं समाधानही मिळतं.

कायद्याचाही आधार घेता येईल. मे २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं उबरला नोटीस धाडली, कारण गाडी यायच्या आतच ॲप टीप मागत होतं. पुढे डिसेंबरात केंद्रानं ॲपवरच्या गाड्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांतच घातलं, की टीपचा पर्याय प्रवास संपल्यावरच दिसावा आणि पूर्ण रक्कम ड्रायव्हरलाच मिळावी. यातलं ‘सरकारनं नोटीस धाडली’ एवढंच लक्षात ठेवा. बाकीचं विसरलात तरी चालेल. कणकवलीच्या तिठ्यावर असलं ॲप उघडून उपयोग नसतो ही गोष्ट वेगळी, पण तत्त्व सगळीकडे तेच असतं.

आता घरपोच जेवण. रत्नागिरीसारख्या शहरात आता ॲपवर बोट ठेवलं की बिर्याणी निघते. तुमचं घर पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या चढणीवर. नकाशात तुम्ही टोचलेली खूण पडली आहे भाट्याच्या खाडीत. पोरगा आधी खाडीकडे जातो, मग फोन करतो, आणि तुम्ही त्याला सांगता: “फणसाच्या इथून वर ये, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेनं, पांढरा कुत्रा दिसला की डावीकडे.” जुलैचा पाऊस, शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या, डोक्याला हेल्मेट, हातात तुमची पिशवी. दारात आला की पहिलं वाक्य असं हवं: “गार झाली वाटतं.” या एका वाक्यानं टीपचा विषय सुरू व्हायच्या आधीच मिटतो.

तरीही मन खात असेल, तर ते कसं गप्प करायचं ते सांगतो. झोमॅटोच्या दीपिंदर गोयल यांनी जानेवारी २०२६च्या सुरुवातीला आकडे मांडले. त्यांच्याच हिशोबानं २०२५मध्ये डिलिव्हरी करणाऱ्याची सरासरी कमाई ताशी १०२ रुपये, पेट्रोलचा खर्च त्यातूनच भागवायचा. शंभरातल्या साधारण पाच ऑर्डरींना टीप मिळते, आणि तिची सरासरी पडते ताशी २ रुपये ६० पैसे. म्हणजे शंभरातले पंच्याण्णव तुमच्याच पंगतीत आहेत. इतकं बहुमत लोकशाहीत दुसऱ्या कशाला मिळतं?

याच ॲपनं ऑगस्ट २०२३मध्ये दर ऑर्डरमागे दोन रुपये प्लॅटफॉर्म फी लावली आणि सप्टेंबर २०२५पर्यंत ती बारावर नेली. ती तुम्ही निमूट भरता, वर त्यावरचा जीएसटीही भरता, आणि त्या फीनं पाखाडी चढल्याचं कुणी पाहिलेलं नाही. भरत राहा. फी मागणारा समोर उभा नसतो, ओला नसतो, त्याच्याकडे बघावं लागत नाही. मात्र मालवणला सुरमईची थाळी खाऊन उठताना बडीशेपेखाली शंभराची नोट सरकवायला विसरू नका. शेजारच्या टेबलावर बोरिवलीचे लोक बसलेले असतात. तीच सुरमई घरी घेऊन येणाऱ्याला पाच तारे द्या. तारे फुकट असतात.

चार दिवसांची गाडी केली असेल तर गोष्ट थोडी नाजूक. हा माणूस तुम्हाला पनवेलपासून राष्ट्रीय महामार्ग ६६वरून आणतो, ज्याचं रुंदीकरण २०११मध्ये सुरू झालं आणि आपल्याला अजून वळणमार्ग दाखवतं आहे. तो आरे-वारेच्या वळणांवर तुमच्या सासूबाईंना मळमळू न देता गणपतीपुळ्याला पोचवतो. दुपारी तुम्ही पापलेट घेता तेव्हा त्याच्यासाठी साधी थाळी मागवा आणि ती त्याला लांबच्या टेबलावर द्यायला सांगा, “त्याला मोकळेपणानं जेवता यावं म्हणून.” रात्री तुम्ही समुद्राकडच्या एसी खोलीत आणि तो गाडीत. मे महिन्यात काचा खाली करून झोपला तर डास, वर करून झोपला तर घाम. मालकाला भत्ता दिला आहे ना, मग विषय संपला. तो भत्ता ड्रायव्हरपर्यंत पोचतो की नाही, याची चौकशी करणं म्हणजे दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसणं.

हंगामात पैशांऐवजी आंबे देण्याची चांगली प्रथा आहे. खासगी बसचा ड्रायव्हर तुमच्या हापूसच्या दोन पेट्या रात्रभर सांभाळून बोरिवलीला उतरवतो, तेव्हा वरच्या थरातले चार आंबे काढून त्याच्या हातावर ठेवा. कुठले ठेवायचे, हे मी सांगायला नको. सुरकुतलेले देऊ नका, ते लगेच दिसतात. छान पिवळेधमक, जडशीळ द्या. हापूसमध्ये साका, म्हणजे गरातला खराब झालेला भाग, असला तरी तो बाहेरून दिसत नाही, आणि कापेपर्यंत तुम्ही लिफ्टमधून वर गेलेले असता.

या सगळ्यातूनही कुणी दारात घुटमळत उभा राहिलाच, तर शेवटचा उपाय म्हणजे भविष्यकाळ. त्याचा नंबर घ्या. त्याच्यासमोर घ्या, मिस्ड कॉल द्या, आणि सांगा: “आता दर वेळी तुम्हालाच फोन करणार.” नाव विचारायची गरज नाही, ‘रिक्षा कुडाळ’ एवढं पुरतं. पुढच्या चतुर्थीच्या आदल्या रात्री गाडी चार तास उशिरा येईल, स्टेशनबाहेर चिटपाखरू नसेल, तेव्हा तो नंबर लावा. तो झोपेतून उठून येईल. आल्यावर बॅगा चढवायच्या आधी भाडं ठरवून घ्या. ओळखीचा माणूस आहे, पन्नास रुपये कमी करायला त्याची हरकत नसावी.