आईला आधी रडवायचं, मग डबा विकायचा

डोकं तापलंय म्हणून लिहितोय, लांबणार आहे, वेळ असेल तरच वाचा. विषय टीव्हीवरच्या जाहिराती. हसू नका, खरंच.

आज दुपारी बेळगावच्या वडगावात दादाच्या घरी गेलो होतो. खाली कापड विणायचे माग चालू, वहिनी कांड्या भरत बसलेल्या, समोर टीव्ही. मागांचा खडखडाट तुम्हाला माहीतच आहे, शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नाही तिथं टीव्हीचं काय ऐकू येणार. आणि बघतो तर वहिनींचे डोळे भरलेले. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "भावजी, आमचंच कायतरी चुकाय लागलंय काय ओ पोराचं?"

दुधात घालायच्या पावडरीची जाहिरात. पोरगं शर्यतीत मागं पडतंय, आई कोपऱ्यात उभी, मग ग्लास, मग पोरगं पहिलं. बास, एवढंच. एक शब्द ऐकू आला नव्हता त्यांना! तरी रडल्या आणि तरी चूक स्वतःचीच काढली.

घरी येऊन तीच जाहिरात मोबाईलवर परत परत बघितली, राग आला की मी असलं करतो. तर बघा कसं केलंय ते. पोरगं हरतंय तोवर सगळं चित्र निळसर, करडं, पाऊस पडून गेल्यासारखं. आईनं ग्लास पुढं केला रे केला की खिडकीतून पिवळं ऊन. हरताना कॅमेरा वरून, पोरगं बारकं दिसतंय. जिंकताना कॅमेरा जमिनीला टेकवून खालून, तेच पोरगं धिप्पाड. आणि सगळ्यात जास्त वेळ कुणावर थांबतो कॅमेरा? पोरावर नाही, आईच्या डोळ्यांवर. मागचं सगळं धूसर, नुसते डोळे. म्हणजे पोरगं हरलं ही आईची हार, हे न बोलता सांगून झालं. मग हाडांच्या कार्टूनमध्ये रंगीत ठिपके घुसतात आणि खाली मुंगीच्या अक्षरात काहीतरी येतं, वाचेपर्यंत गायब.

आपल्या भागातल्या लोकांना एक गोष्ट तर लगेच कळेल. आपण कन्नड चॅनेल पण बघतो, मराठी पण. तीच जाहिरात इकडं कन्नडमध्ये, तिकडं मराठीत, तीच आई, तेच पाणी डोळ्यात. नीट बघा, बोलताना आईचं तोंड समोरून जवळजवळ दाखवतच नाहीत, पाठ दाखवतात, हात दाखवतात, ग्लास दाखवतात. वरून कुठलीही भाषा चिकटवायला मोकळे. शब्दांवर त्यांची भिस्तच नाही ओ! वहिनींना ऐकू आलं नाही म्हणून काही बिघडलं का? काही नाही.

पूर्वी असं नव्हतं असं नाही, दूरदर्शनवर 1976 पासून जाहिराती आहेत आणि विकायलाच आहेत. पण त्या सर्फवाल्या ललिताजी आठवा, ऐंशीच्या दशकातल्या. निर्मा स्वस्त मिळत असताना महाग पावडर का घ्यायची ते त्या तोंडावर सांगायच्या. पटलं नाही तर आमची आई तिथंच टीव्हीला उत्तर द्यायची, "तुमच्याकडं पैसे आहेत बाई, घ्या की." भांडता यायचं. आता कशाशी भांडायचं, पिवळ्या उन्हाशी?

बरं, पोलिओच्या जाहिरातीत अमिताभनं रागावूनच लोकांना बूथवर आणलं आणि 2014 ला देश पोलिओमुक्त झाला, ते मान्य. फेविकॉलच्या जाहिराती बघून मी पण हसलोय, त्या करणारे पियूष पांडे गेले तेव्हा वाईट वाटलं. पण तिथं कुणाच्या आईला गुन्हेगार केलं नव्हतं.

आणि विकतात काय? 2024 ला केंद्र सरकारनं ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की असल्या पावडरी "हेल्थ ड्रिंक" म्हणून दाखवू नका, कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाची व्याख्याच नाही. डब्याच्या मागं घटक वजनाप्रमाणं लिहावे लागतात, जे जास्त ते आधी. वाचा एकदा, साखर कितव्या नंबरला आहे ते. जाहिरातीत बर्फाळ बाटलीवरचे थेंब ग्लिसरीनचे असतात, वाडग्यातलं दूध कित्येकदा पांढरा डिंक असतो, ते एक वेळ चालेल, ती खाण्याची फोटोगिरी. पण रोज माग सांभाळून पोराला नाचणीची आंबील, हुलग्याचं माडगं करून घालणाऱ्या बाईला "तू कमी पडलीस" म्हणणं, हे कुठल्या ग्लिसरीनमध्ये बसतं?

दादा म्हणतो सोड की, जाहिरातच आहे. त्याला काय, त्याच्यावर कॅमेरा थांबलाच नव्हता! एकातरी असल्या जाहिरातीत बाप बघितलाय का अपराधी चेहऱ्यानं उभारलेला?

जाऊदे. वहिनींना मी फार काही बोललो नाही. त्यांनी डबा आणला तरी मी काय बोलणार, आईच्या जागी मी असतो तर मी पण आणला असता कदाचित. पोरगं तर चांगलं तडतडीत आहे, गल्लीत कुणाला सापडत नाही.

तुम्ही एक करा. आज रात्री सिरियलच्या मध्ये असली जाहिरात लागली की डोळे मिटा आणि नुसतं ऐका. पियानो, पोराचा श्वास, टाळ्या, शेवटी कंपनीचं नाव. त्यात त्या पावडरीबद्दल नक्की काय सांगितलं ते खाली कमेंटमध्ये लिहा. मला तरी काही सापडलं नाही.