त्या नऊच्या नऊ जणी पोचल्या होत्या

लेकीच्या शाळेच्या पालक ग्रुपवर परवा क्रीडामहोत्सवाचं पत्रक आलं. आठवी ते दहावी. मुलगे : १०० मीटर, ४०० मीटर, १५०० मीटर. मुली : १०० मीटर, २०० मीटर, लिंबू-चमचा. मी विचारलं, मुलींना १५०० का नाही? उत्तर आलं, "मॅडम, मुलींच्या तब्येतीची काळजी म्हणून. मागे एकीला चक्कर आली होती."

ही चक्कर माझ्या ओळखीची आहे. म्हणून आज जरा लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा.

१९२८ चं ॲमस्टरडॅम ऑलिंपिक. धावणं, उडी, फेक या मैदानी प्रकारांत बायकांना तिथे पहिल्यांदा घेतलं, आणि तेही सुखासुखी नाही. ऑलिंपिक पुन्हा सुरू करणाऱ्या कुबर्तिन यांना बायका मैदानात उतरणंच मंजूर नव्हतं. फ्रान्समध्ये ॲलिस मिलिया नावाच्या बाई होत्या. तुम्ही घेत नाही ना, मग आम्ही आमचं भरवतो, असा त्यांचा खाक्या. १९२१ मध्ये त्यांनी बायकांचा आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघ काढला, १९२२ मध्ये पॅरिसला बायकांचं वेगळं ऑलिंपिक भरवलं, १९२६ मध्ये स्वीडनमध्ये पुन्हा. हे वाढत चाललंय म्हटल्यावर ॲमस्टरडॅमला पाच प्रकार बायकांसाठी खुले झाले. फक्त पाच! ब्रिटनच्या मुली तर एवढ्यावर समाधान मानायला तयार नव्हत्या, त्यांनी बहिष्कारच घातला. मिलियाबाईंचं नाव आपल्याकडे कुणाला ठाऊक नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

त्या पाचांत सगळ्यात लांबची शर्यत ८०० मीटरची. २ ऑगस्टला फायनल झाली. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत पहिली आली, जागतिक विक्रम. दुसरी जपानची किनुए हितोमी. ही मुळात उडीची आणि कमी अंतराच्या शर्यतींची खेळाडू. १०० मीटरची फायनल हुकली, रिकाम्या हाताने घरी कशी जाऊ म्हणून ८०० ला उतरली आणि जपानी बाईचं पहिलं ऑलिंपिक पदक घेऊन गेली.

जीव तोडून पळालेल्या मुली पोचल्यावर धापा टाकणार, गवतावर आडव्या होणार. ८०० मीटर अशीच शर्यत आहे, पुरुषही आडवे होतात. पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत बायका कशा कोसळल्या याचीच वर्णनं. एका वार्ताहराने तर लिहिलं की अकरा बिचाऱ्या धावल्या, पाच जणींनी मध्येच सोडलं आणि पाच जणी पोचल्यावर कोसळल्या. धावल्या होत्या नऊ. आणि नऊच्या नऊ पोचल्या होत्या.

या खोट्यावर ८०० मीटर बायकांसाठी बंद झाली. परत आली १९६० मध्ये, रोमला. ३२ वर्षं! लीना राडकेच्या वेळी जन्मलेली मुलगी बत्तिशीची होईपर्यंत. मधल्या १९३२ आणि १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये बाईला एकटीने धावायचं सगळ्यात लांब अंतर होतं १०० मीटर. १९४८ ला २०० आलं. आपली वांद्र्याची मेरी डिसूझा १९५२ मध्ये हेलसिंकीला गेली, स्वतंत्र भारतातून ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या बायकांपैकी एक. ती १०० आणि २०० मीटर धावली. तिला आणखी लांब पळायचं असतं, तरी ऑलिंपिकमध्ये जगातल्या कुठल्याच बाईला त्यापुढची शर्यत नव्हती.

आता माझं सांगते. मी आठवीत होते, तालुक्याच्या स्पर्धा होत्या. मैदानावर फक्कीच्या रेघा, चेस्ट नंबर फ्रॉकला टाचणीने लावलेला. ८०० मीटरला शेवटच्या वळणावर पोटऱ्यांत गोळे आले. रेघ ओलांडली आणि पडले. गुडघे सोलवटले, तोंडात फक्की गेली, तिची चव अजून आठवते. मी तिसरी आले होते, हे मला संध्याकाळी कळलं. त्याआधी सगळ्यांनी एवढंच पाहिलं होतं की पोरगी पडली. त्याच दिवशी मुलांच्या १५०० नंतर दोघं जण मैदानाच्या कडेला ओकत होते. त्यांना पीटीचे सर ग्लुकोज देत होते, पाठीवर थाप देत होते. माझ्या वडिलांना मात्र घरी येऊन सांगितलं, "पोरीच्या जातीला एवढं झेपायचं नाही, उद्या काही झालं तर?" पुढच्या वर्षी माझं नाव धावण्यात नव्हतं, रांगोळीत होतं.

सर वाईट नव्हते, मनापासून काळजी करत होते. म्हणूनच त्यांच्याशी भांडता आलं नाही. काळजीशी भांडायचं कसं, हे त्या वयात कळत नाही.

अमेरिकेच्या बॉबी गिब या धावपटू बाईला १९६६ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनवाल्यांनी हेच उत्तर पाठवलं होतं : बायकांचं शरीर एवढं अंतर पळू शकत नाही. ती भावाची चड्डी घालून, वर टोपीचा स्वेटर चढवून सुरुवातीच्या रेषेजवळच्या झुडपात लपली आणि घोळका निघाल्यावर त्यात मिसळली. ३ तास २१ मिनिटांत पोचली. पुढच्या वर्षीचा कॅथरीन स्विट्झरचा फोटो अनेकांनी पाहिला असेल, २६१ नंबर, आणि तो ओढून काढायला अंगावर धावून आलेला अधिकारी. बॉस्टनने बायकांना रीतसर घेतलं १९७२ मध्ये. आठ जणी उतरल्या, आठही पोचल्या.

आणि मग लॉस एंजेलिस, १९८४. ऑलिंपिकमधली बायकांची पहिली मॅरेथॉन. जोन बेनॉइट २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. पण मी यूट्यूबवर पुन्हा पुन्हा बघते ती स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस. उन्हाने ती पार संपलेली. एका अंगाला कललेली, डावा हात लुळा, पाय कुठे पडतोय याचं भान नाही. डॉक्टर बाजूने चालताहेत, पण हात लावला तर ती बाद होणार, म्हणून लावत नाहीत. तिला अजून घाम येतोय हे पाहून त्यांनी तिला जाऊ दिलं. शेवटच्या ४०० मीटरला तिला पावणेसहा मिनिटं लागली. अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं. ती सदतिसावी आली.

ॲमस्टरडॅमच्या नऊ जणींपेक्षा तिची अवस्था कितीतरी वाईट होती. तरी त्यानंतर कुणी मॅरेथॉन बंद केली नाही. पडली ती एक धावपटू, सगळी बाईची जात नव्हे, हे मान्य व्हायला ५६ वर्षं गेली.

त्याच लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, हे आपल्याला पाठ आहे. पण ती ४०० मीटर अडथळ्यांची शर्यतही ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी त्याच वर्षी पहिल्यांदा ठेवली होती, हे किती जणांना माहीत असतं? चार वर्षं आधी ती शर्यतच नव्हती.

तसंच आपल्या ललिता बाबरचं. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, मोही गाव, पावसाने कायम पाठ फिरवलेला मुलूख. तिची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. २८ अडथळे, शिवाय सात वेळा पाण्यावरची उडी. पुरुषांना ही शर्यत १९२० पासून आहे. बायकांना मिळाली २००८ ला, बीजिंगमध्ये. म्हणजे ललिता शाळेत पळत होती तेव्हा तिची शर्यत ऑलिंपिकमध्ये जन्मलीच नव्हती! २०१६ ला रिओत तिने हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि फायनलला दहावी आली. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या फायनलमध्ये पोचलेली भारतीय बाई, आपल्या माणची. त्या रात्री मी एकटी टीव्हीसमोर रडले होते.

म्हणून पदकांच्या यादीआधी मी शर्यतींची यादी बघते. कुठलं अंतर कधी खुलं झालं. ४०० मीटर १९६४, १५०० मीटर १९७२, मॅरेथॉन १९८४, १०,००० मीटर १९८८. दर वेळी आधी कुणीतरी म्हणालं होतं, झेपणार नाही.

मुलींना चक्कर येते, हे मी नाकारत नाही. कितीतरी मुलींचं रक्त कमी भरतं, कितीतरी जणी सकाळी काही न खाता शाळेत येतात. मग त्यांना खाऊ घाला, हिमोग्लोबिन तपासा, शर्यत दुपारच्या उन्हात न ठेवता सकाळी सातला ठेवा, महिना-दीड महिना आधी सराव सुरू करा. सराव न देता थेट १५०० ला उभं केलं तर मुलगाही पडेल.

मुख्याध्यापिका मॅडमनी शनिवारी अकराची वेळ दिली आहे. मागणी एवढीच : पत्रकात एक ओळ वाढवा, आणि शेवटच्या रेषेपाशी मुलगे-मुली दोघांसाठी पाणी आणि ग्लुकोज ठेवा. शाळेच्या मैदानाला साडेसात फेऱ्या मारल्या की १५०० मीटर होतात. लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी काल संध्याकाळी पळून आल्या. पाचव्या फेरीला एकीच्या बुटाची नाडी सुटली, बांधून पुन्हा निघाली.

याच शाळेतले पालक हे वाचत असतील, तर शनिवारी माझ्याबरोबर चला. आईच हवी असं नाही, बाबा आले तर जास्त बरं.