खुलासा : ‘टू’नंतर ‘आयएनजी’ लावणे चूक नाही

इंग्रजी सुधारण्याच्या टिपा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक दावा फिरतो : ‘टू’नंतर क्रियापदाचे मूळ रूपच येते, त्यामुळे ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ चूक आणि ‘टू मीट यू’ बरोबर. प्रत्यक्षात नेमके उलटे आहे.

‘आय वाँट टू गो’मधला ‘टू’ क्रियापदाचाच भाग. तिथे मूळ रूप हवे, तेवढ्यापुरता तो नियम खरा. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ मात्र शब्दयोगी अव्यय आहे, ‘इन’ किंवा ‘फ्रॉम’सारखा. त्याच्यापुढे नाम लागते. क्रियापद आणायचे तर ‘आयएनजी’ लावूनच. शंका आली की पुढे एखादे नाम ठेवून बघा. ‘लुक फॉरवर्ड टू द ट्रिप’ जमते, ‘वाँट टू द ट्रिप’ जमत नाही. ‘ऑब्जेक्ट टू’ आणि ‘कमिटेड टू’ही ‘लुक फॉरवर्ड टू’च्याच गटातले.

खरा घोळ होतो तो ‘यूज्ड टू’पाशी, कारण तिथे दोन्ही रूपे बरोबर असतात आणि अर्थ बदलतो. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग लेट’ म्हणजे उशिरापर्यंत काम करायची सवय आहे. ‘आय यूज्ड टू वर्क लेट’ म्हणजे पूर्वी करायचो, आता नाही. मुलाखतीत हे दुसरे वाक्य बोललात तर व्याकरणात कुणी चूक काढणार नाही, पण नोकरीचे सांगता येत नाही!

आणि ‘सजेस्ट’नंतर तर ‘टू’ लावून क्रियापद येतच नाही : ‘आय सजेस्ट टू गो’ नव्हे, ‘आय सजेस्ट गोइंग’.