स्कीन्सचा हात, बुमराहची पाठ

११ मे २०२४ ला पॉल स्कीन्स हा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, पायरेट्स संघाकडून पहिल्यांदा अमेरिकेतल्या सर्वोच्च मेजर लीगमध्ये उतरला, तेव्हा आमच्या पिट्सबर्गमध्ये लग्नघरासारखी गडबड होती. नवे खेळाडू निवडण्याच्या २०२३ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, सहीचे ९२ लाख डॉलर, उंची साडेसहा फूट, वय एकवीस. समोर शिकागो कब्ज. पठ्ठ्यानं सात जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं आणि ताशी १०० मैल किंवा त्याहून वेगाचे सतरा चेंडू टाकले. नवापैकी पाचव्या इनिंगमध्ये एकही बाद मिळेना, तेव्हा ८४ चेंडूंवर मॅनेजरनं त्याला काढून घेतलं. पुढे बुलपेनमधल्या, म्हणजे राखीव पिचरांच्या, मंडळींनी जो गोंधळ घातला तो बघवत नव्हता. तिन्ही बेस भरलेले असताना चार चेंडू झोनबाहेर गेले की समोरच्याला बॅट न हलवता धाव मिळते. अशा धावा त्यांनी अक्षरशः वाटल्या. मोठी आघाडी गेली, मग पाऊस आला, दोन तासांहून जास्त खेळ थांबला. शेवटी आम्ही १०-९ असे कसेबसे जिंकलो.

पायरेट्सच्या मैदानावर, पीएनसी पार्कवर, पिचरचे किती चेंडू झाले ते बोर्डावर दिसत असतं. आकडा ऐंशीच्या पुढे गेला की लोकांची नजर आपोआप बुलपेनकडे वळते. तिकडे कुणी जाकीट काढून हात मोकळा करायला लागला की कुजबुज सुरू. आठवडाभरातच, १७ मे ला, शिकागोच्या रिगली फील्डवर स्कीन्सनं सहा इनिंग एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, दिला नाही, अकरा जण स्ट्राइकआउट केले, तरी १०० चेंडूंनंतर त्याला बसवलं. जुलैत मिलवॉकीला सात इनिंग नो-हिट, ९९ चेंडू, पुन्हा बाहेर. इथले म्हातारे चाहते त्या दिवशी जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

पण त्यांचा राग मॅनेजरवर होता, स्कीन्सवर नाही. इथेच मला आपल्याकडची चर्चा आठवते. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह पाचांपैकी तीनच कसोटी खेळणार हे आधीच जाहीर झालं होतं. तरी आमच्या डोंबिवलीच्या शाळेच्या ग्रुपवर महिनाभर तोच विषय होता: 'आयपीएल बरं खेळता येतं!' तो खेळला त्या हेडिंग्ले आणि लॉर्ड्सच्या कसोट्या आपण हरलो, मँचेस्टरची अनिर्णित राहिली. बर्मिंगहॅम आणि ओव्हल त्याच्याविना जिंकलो. झालं, बुमराह पनवती ठरला. सिराजनं पाचही सामन्यांत मिळून १८५ षटकांवर गोलंदाजी केली आणि २३ बळी घेतले, म्हणजे दुसऱ्याच्या नावानं बोंबलायला आयता पुरावा. ओव्हलनंतर वर्कलोड हा शब्दच भारतीय क्रिकेटच्या कोशातून काढून टाका, असं खुद्द गावसकर म्हणाले. सीमेवरच्या जवानांचा दाखलाही दिला. गावसकरांपुढे बोलायची आपली प्राज्ञा नाही, पण जवानाचा दाखला दिला की वाद संपतो आणि पाठीचा प्रश्न तसाच राहतो. २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झालेली ती पाठ. ऑस्ट्रेलियात ३२ बळी घेतल्यावर सिडनीच्या कसोटीत ती आखडली आणि दुसऱ्या डावात त्याला एकही चेंडू टाकता आला नाही.

अमेरिकेत सगळं शास्त्रशुद्ध चालतं, असं सांगायचा माझा इरादा नाही. वॉशिंग्टनच्या संघानं २०१२ मध्ये आपला पिचर स्टीफन स्ट्रासबर्गला कोपराच्या काळजीपोटी सप्टेंबरातच घरी बसवलं आणि संघ प्लेऑफच्या पहिल्याच मालिकेत बाहेर गेला. २०१९ मध्ये तोच वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) ठरला. लोक म्हणाले, बघा, जपलं म्हणून टिकला. त्यानंतर मोठा करार झाला आणि दुखापतींपायी तो जेमतेम आठ सामने सुरू करू शकला. जपल्यानं काय वाचतं याची खात्री इथेही कुणी देत नाही.

फरक हिशेबात आहे. २०२५ मध्ये स्कीन्सचा ईआरए १.९७ होता, म्हणजे दर नऊ इनिंगला दोनाहून कमी धावा, आणि विजय-पराभव १०-१०. धावा काढण्यात पायरेट्स अख्ख्या मेजर लीगमध्ये तळाला होते. तरी सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराला सगळी पहिली मतं त्यालाच पडली. 'तो असला की हरतो' असं मी एका माणसाच्या तोंडून ऐकलं नाही. ऐकू येते ती आरोळी मालकासाठी असते: संघ विकून टाक! बॅटिंगच्या क्रमात चौथ्या, म्हणजे मुख्य फटकेबाजाच्या, जागी कोण, पैसे का खर्च करत नाही, यावर भांडण. माझ्या मते योग्य जागी.

आपल्याकडे ते भांडण फारसं झालंच नाही. हेडिंग्लेला पाच शतकं ठोकून आपण हरलो, कारण पहिल्या डावात शेवटचे सात गडी ४१ धावांत गेले, दुसऱ्यात सहा ३१ धावांत, आणि बुमराहच्या गोलंदाजीवर झेल सुटले. मग तळापर्यंत बॅटिंग हवी म्हणून तशी संघनिवड. कुलदीप पाचही कसोट्यांत बाहेर. मँचेस्टरला आपल्या पालघरचा शार्दूल संघात, आणि इंग्लंडनं ६६९ केल्या त्या डावात त्याला षटकं किती, तर अकरा. यात शार्दूलचा काय दोष? त्याच सामन्यात अंशुल कंबोजला दुखापतग्रस्तांच्या जागी ऐनवेळी बोलावून कसोटी पदार्पण करायला लावलं. एक बळी ८९ धावांत, आणि ग्रुपवरची मंडळी त्याचा निकाल लावून मोकळी. स्कीन्सलासुद्धा आधी इंडियानापोलिसला मेजर लीगच्या एक पायरी खालच्या ट्रिपल-ए मध्ये सात सामने मोजूनमापून खेळवलं होतं.

बेसबॉलमध्ये पिचरऐवजी बॅटिंगला वेगळाच माणूस येतो. २०२२ पासून मेजर लीगच्या दोन्ही विभागांत (अमेरिकन आणि नॅशनल लीग) हाच नियम आहे. स्कीन्सला कुणी बॅट घेऊन उभं करत नाही. लॉर्ड्सला १९३ चा पाठलाग करताना वरचे ढेपाळले, तेव्हा जडेजाच्या जोडीला बुमराह ५४ चेंडू उभा राहिला. आपण २२ धावांनी हरलो. त्या ५४ चेंडूंचा हिशेब ग्रुपवरच्या एकानंही मांडला नाही, मी विचारलं तर म्हणे, बॅटिंग हे काय त्याचं काम आहे का?