सहा दिवसांत पाच सामने: एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या सुवानी विद्यापीठाच्या १८९९च्या (अमेरिकन) फुटबॉल संघावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: बारापैकी बारा सामने जिंकले यात कौतुक कसलं, समोर होते कोण? हार्वर्ड-येलशी गाठ पडली असती तर कळलं असतं. आणि ज्या खेळात पोरं मरत होती त्याचे पोवाडे कशाला? प्रतिक्रिया तिखट आहे, पण माहिती काढून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत हात झटकत नाही.

टुलेन विद्यापीठाच्या संघापासून सुरू करू. न्यू ऑर्लिन्समध्ये सुवानीने त्यांना २३-० हरवलं. टुलेनने त्या मोसमात एकही सामना जिंकला नाही, एक गुणसुद्धा मिळवला नाही. तो विजय खुशाल वजा करा. कंबरलँडवरचा ७१-०चा विजयही वजा करा, माझं काही अडणार नाही. पण टेक्सासचं काय करणार? तो संघ त्या मोसमात आठपैकी दोनच सामने हरला, एक सुवानीकडून १२-० आणि दुसरा व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून. त्यांना गल्लीतला संघ म्हणता येणार नाही.

अख्ख्या मोसमात सुवानीचे ३२२ गुण आणि प्रतिस्पर्ध्यांचे सगळे मिळून १०, ही बेरीज तुम्हाला फसवी वाटते. मीही ३२२ला फार भाव देत नाही. मला रस आहे त्या दहामध्ये. हे सगळे गुण एकाच संघाने केले, तेही एकाच दुपारी: ३० नोव्हेंबरला, माँटगोमेरीत, ऑबर्नने. ऑबर्नचे प्रशिक्षक होते जॉन हाइझमन, ज्यांच्या नावाची ट्रॉफी आज अमेरिकेत कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला देतात. तेव्हा टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार नेण्याला, पाच गुण आणि त्यानंतर खांबांमधून मारलेल्या किकला एक. निकाल लागला ११-१०, म्हणजे अख्खा सामना एका किकवर फिरला. हाइझमन पंचगिरीवर इतके भडकले की त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली. तुम्हाला सुवानीवर टीकाच करायची असेल तर टुलेन सोडा आणि हा सामना धरा. ‘अजिंक्य’ हे बिरुद तिथे जेमतेम वाचलं. आणि लगेच दोन दिवसांनी हाच संघ अटलांटात नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध उभा राहून ५-० जिंकला, हेही मग हिशेबात धरावं लागेल.

आता सहा दिवसांत पाच सामन्यांचा तो प्रसिद्ध दौरा. ‘विद्यापीठाने नंतर रंगवलेली दंतकथा’ असं तुम्ही म्हणता. तारखा पाहा: ९ नोव्हेंबर ऑस्टिनला टेक्सास, १० ला ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एम (१०-०), ११ ला टुलेन, १२ ला रविवार म्हणून सुट्टी, १३ ला बॅटन रूजला एलएसयू म्हणजे लुइझियाना स्टेट (३४-०), १४ ला मेम्फिसला ओल मिस म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ (१२-०). सोबत नेलेली सुवानीच्या झऱ्याच्या पाण्याची पिंपं, निघताना फलाटावर राहून गेलेले बूट, या गोष्टींवर सांगणाऱ्यांनी मीठमसाला चोळला असेल. वेळापत्रकावर तो चोळता येत नाही. शिवाय एकदा मैदानाबाहेर गेलेल्या खेळाडूला परत येता येत नसे, हा तेव्हाचा नियम. आक्रमण त्याच अकरा जणांनी करायचं, बचावही त्यांनीच. नियमाने ३५ मिनिटांचे दोन डाव, कधी आपसात ठरवून थोडे कमी. मग रात्री रेल्वेगाडीत झोपायचं. खास डब्याची ‘चैन’ तुम्हाला खटकली, पण चार हजार किलोमीटरच्या प्रवासात दुसरी सोय काय होती?

तुमच्या प्रतिक्रियेत ज्याचा उल्लेखच नाही तो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: पैसा. तिकिटांच्या उत्पन्नाच्या वाटणीवरून सुवानी आणि व्हँडरबिल्टचं बिनसलं आणि त्या वर्षी त्यांचा सामनाच झाला नाही. सगळ्यात जास्त गल्ला जमवणारा सामना गेला. ती तूट कुठून भरून काढायची म्हणून लूक ली या विशीतल्या विद्यार्थी-व्यवस्थापकाने हा दौरा जुळवला. एकदाच गाडीभाडं भरा आणि वाटेतल्या शहरांत जितके सामने बसतील तितके बसवा, हा साधा व्यापारी हिशेब. पराक्रम नंतर झाला, आधी खर्च-उत्पन्नाचा ताळेबंद होता.

हार्वर्डबद्दल वाद घालत नाही. ते त्या वर्षी एकदाही हरले नाहीत, येलशी ०-० बरोबरी झाली. शिकागोसुद्धा सोळा विजय आणि दोन बरोबऱ्यांसह अपराजित होतं. सुवानीला हार्वर्डच्या गावी, केंब्रिजला, नेलं असतं तर हार्वर्ड जिंकलं असतं असंच मलाही वाटतं. पण सहा दिवसांत पाच सामने खेळून दाखवा असं हार्वर्डला कोणी म्हटलं नव्हतं.

पोवाड्याचा आरोप मात्र गंभीर आहे. १८९७मध्ये अटलांटात व्हर्जिनियाविरुद्ध खेळताना जखमी होऊन जॉर्जिया विद्यापीठाचा खेळाडू रिचर्ड व्हॉन गॅमन मरण पावला. जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाने फुटबॉलबंदीचं विधेयक मंजूरही केलं. मुलाच्या आवडत्या खेळावर त्याच्या मृत्यूचं निमित्त करून बंदी घालू नका, असं खुद्द त्याच्या आईने कळवलं आणि गव्हर्नरने विधेयक नाकारलं. सुवानीचा १८९९चा पहिला सामना याच जॉर्जिया विद्यापीठाशी होता. खेळातला रानटीपणा आवरा म्हणून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावलं ते १९०५मध्ये, आणि चेंडू हाताने पुढच्या दिशेला फेकून पास देण्याची मुभा मिळाली ती १९०६मध्ये. म्हणजे सुवानीची पोरं खेळली ती सुधारणेआधीच्या धुमश्चक्रीत. खेळ क्रूर होता हे मान्य करूनही त्या पोरांची दमछाक नोंदवता येते, मी तेवढंच केलं.

शेवटी तुम्ही विचारलंत, त्या व्यवस्थापक लीचं पुढे काय झालं. तो अमेरिकेचा सेनेटर झाला. पहिल्या महायुद्धानंतर, जानेवारी १९१९मध्ये, काही लष्करी सहकाऱ्यांना घेऊन हॉलंडमधल्या आमेरोंगेनच्या वाड्यावर गेला, परागंदा जर्मन सम्राटाला, कैसरला, उचलून आणायला! कैसर काही हाती लागला नाही. निघताना त्यांच्यापैकी एकाने तिथली ॲशट्रे खिशात घातली आणि लष्कराची चौकशी मागे लागली.